कचेरीचें आंतलें दार

प्रत्येक कचेरीला दोन दारें असतात. एक रस्त्याकडचें, त्यावर ठळक अक्षरांची पाटी असते, रंग ताजा असतो, पायऱ्या झाडलेल्या असतात. दुसरें आंतलें, त्यांतून कारकून, हिशेबनीस आणि शिपाई दिवसांतून पन्नास वेळां ये-जा करतात, आणि त्याची बिजागरी कुरकुरत असली तरी वर्षानुवर्षें तिला कोणी तेल घालीत नाहीं. संगणकाच्या युगांतहि हा भेद तसाच चालत आला आहे. बाहेरच्या लोकांसाठीं संस्थेचें जें संकेतस्थळ असतें त्यावर नामांकित कलावंतांची मेहनत खर्ची पडते. परंतु त्याच संस्थेच्या नोकरवर्गासाठीं आंतल्या आंत जें जाळें विणलेलें असतें, ज्यास इंट्रानेट म्हणतात, त्याचीं पानें बहुधा सावत्र मुलासारखीं वाढतात. अक्षर बारीक, रंग फिके, कळ कोठें आहे तें शोधावें लागतें, आणि केलेली नोंद झाली कीं बुडाली याचा पत्ता लागत नाहीं. बाहेरचें दार पाहुणा वर्षांतून एकदां ओलांडतो. आंतल्या दारानें मात्र संस्थेचें सर्व काम चालतें.

हा प्रश्न अगदींच नवा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. पेशवेकालीन दप्तरांत कागदांचे गठ्ठे रुमालांत बांधून ठेवीत. पत्राच्या शिरोभागीं मुद्रा उमटे आणि अखेरीस मोर्तब होई. हा कागद कोणाच्या अधिकारानें निघाला हें मुद्रेवरून कळे. मजकूर येथें संपला, याखालीं कोणीं कांहीं घुसडूं नये, हें मोर्तबावरून कळे. पोथ्यांसाठीं बाळबोध आणि रोजच्या धांवत्या लिखाणासाठीं मोडी, अशी लिपीचीहि कामाप्रमाणें वांटणी होती. म्हणजे दप्तराचें रूप हें शोभेकरितां नव्हतें. विश्वास, वेग आणि शिस्त या तीन गोष्टींकरितां होतें. आज ज्यास नाममुद्रा म्हणतात, त्या शब्दांत ही जुनी मुद्रा अजून जिवंत आहे. तिचा मूळ हेतु मात्र पुष्कळदां विसरला जातो.

जग ज्यास वेब म्हणून ओळखतें तें मुळांत आंतल्या दारासाठींच जन्मलें, हेंहि येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ च्या मार्च महिन्यांत एक प्रस्ताव मांडला. त्या संस्थेंत माणसें सारखीं येत-जात. त्यांच्याबरोबर माहितीहि निघून जाई. ती एकमेकींस जोडून ठेवण्याची सोय करावी, एवढाच त्या प्रस्तावाचा मूळ उद्देश होता. त्या घरगुती सोयीचें पुढें विश्वव्यापी जाळें झालें. १९९४ सालीं हाकोन वियुम ली यांनीं पानांच्या रंगरूपासाठीं स्वतंत्र नियमावलीची कल्पना पुढें आणली आणि १९९६ च्या डिसेंबरांत ती सीएसएस या नांवानें मान्य झाली. १९९५ सालीं ब्रेंडन आयक यांनीं जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या तिघांच्या साह्यानें पानाचा दर्शनी भाग उभा राहतो.

या तिघांचें नातें घराच्या उपमेनें सहज समजतें. एचटीएमएल म्हणजे खांब, तुळया आणि खोल्यांची मांडणी. सीएसएस म्हणजे गिलावा, रंग आणि उजेडाची योजना. जावास्क्रिप्ट म्हणजे उघडणारीं-मिटणारीं दारें, कड्या आणि घंटा. खांब-तुळयांची मांडणी चुकली असतां वरचा रंग कितीहि सुंदर असला तरी तें घर राहण्यास योग्य होत नाहीं. ही गोष्ट शहरांतील कारागिराला पुस्तकांतून शिकावी लागते. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांतील सास्तूर गांवाला ती फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतां, लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरची भूमि हादरली. किल्लारीचें नांव जगभर झालें. पण सास्तूरहि त्याच विध्वंसांत सांपडलेलें गांव. सुमारें आठ हजार माणसें त्या भूकंपांत दगावलीं. या भागांतील जुन्या घरांच्या भिंती दगडांच्या, दोन-दोन फुटांहून जाड, वर मातीचें जड माळवद. पाहणाऱ्याला तीं घरें किल्ल्यासारखीं भक्कम वाटत. परंतु दगडादगडांमध्यें बांधणारा धागा म्हणजे नुसता चिखल होता. धक्का बसतांच भिंती उकलल्या आणि माळवदाचा भार निजलेल्या माणसांवर आला. दिसण्यांतली मजबुती आणि असण्यांतली मजबुती या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें त्या पहाटेनें दाखवून दिलें.

पुढें जें पुनर्वसन झालें त्यांतहि मांडणीविषयीं एक धडा आहे. जागतिक बँकेच्या साह्यानें महाराष्ट्र शासनानें मोठा कार्यक्रम हातीं घेतला. अत्यंत हानि झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवरून तीन ठरले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. घरें भूकंपाला टिकतील अशीं झालीं, आणि हें यश थोडकें नव्हे. परंतु सरळ रेषांनीं आंखलेल्या रुंद रस्त्यांच्या त्या वसाहतींत जुनी गल्ली, शेजारचा ओटा, जनावरांचा आडोसा आणि चार पावलांवरची चावडी हीं हरवलीं, अशी तक्रार पाहणी करणाऱ्या अभ्यासकांनीं अनेक पुनर्वसित गांवांतून नोंदविली आहे. कोठें न्हाणीघराची कोठी झाली, कोठें घराला मागाहून स्वतःच्या हातानें पडवी जोडली गेली. कागदावर नकाशा निर्दोष होता. पण राहणाऱ्याचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो हें त्या नकाशांत पुरतें उतरलें नव्हतें. संगणकाच्या आंतल्या पानांची आंखणी करणाऱ्यानें हा धडा भिंतीवर लिहून ठेवावा. पुण्या-मुंबईंत बसून रेखाटलेलें पान सास्तूरच्या उपकेंद्रांत, शाळेंत किंवा ग्रामपंचायतींत वापरलें जातें, तेव्हां वापरणाऱ्यानें मागाहून जोडलेल्या पडव्या, म्हणजे वहीच्या मागच्या पानावर उतरून ठेवलेल्या युक्त्या, याच त्या आंखणीवरची खरी टीका असतात.

याचें अलीकडचें आणि सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण अंगणवाडीचें आहे. अंगणवाडीसेविका पूर्वीं अकरा नोंदवह्यांतून मुलांचीं वजनें, लसी, आहार आणि गरोदर स्त्रियांची माहिती लिहीत असत. हें काम पुढें हातांतल्या फोनवर आलें. प्रथम जी आज्ञावली होती तींत मराठीची सोय होती. मार्च २०२१ मध्यें केंद्र शासनाची 'पोषण ट्रॅकर' ही नवी आज्ञावली आली. तिचा पडदा आरंभीं इंग्रजी होता. ज्या स्त्रीनें आयुष्यभर मराठींत हजेरी घेतली, मराठींत बाळाचें नांव लिहिलें, तिच्यापुढें एका सकाळीं परक्या भाषेंतलें कोष्टक उभें राहिलें. शिवाय हातांतले फोन कमी शक्तीचे. ते तापत, अडकत, मध्येंच बंद पडत. त्या वर्षाच्या ऑगस्टांत महाराष्ट्रांतील सेविकांनीं ते फोन शासनास परत करण्याचें आंदोलन केलें. त्यांच्या संघटनांनीं भाषेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत नेला. पुढें त्या आज्ञावलींत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय झाली. परंतु मधल्या काळांत जो ताप झाला तो कशापायीं? आंकडेमोड चुकली म्हणून नव्हे, यंत्राची बुद्धि तोकडी पडली म्हणून नव्हे. दर्शनी भाग कोणासाठीं आहे हें आधीं विचारलें गेलें नाहीं म्हणून. आणि येथें पणाला लागलेली वस्तु कोणती? कुपोषित बाळाचें वजन. तें चुकीच्या चौकोनांत पडलें तर त्या बाळाचा आहार चुकतो.

मराठवाड्याला हें दुःख पहिल्यानेंच भोगावें लागलें असें नाहीं. धाराशिवचा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि त्या राज्याच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूंत चाले. शेत मराठी माणसाचें, घाम मराठी माणसाचा, पण त्या शेताचा कागद वाचून घेण्यास दुसऱ्याच्या दारीं जावें लागे. कागद वाचतां न येणारा मनुष्य स्वतःच्याच घरांत पाहुणा होतो. लिपीची ती भिंत मोठ्या कष्टानें दूर झाली. तिच्या जागीं कांचेच्या पडद्यावर दुसरी भिंत नकळत उभी राहूं नये, एवढी सावधगिरी तरी या प्रदेशांत अवश्य बाळगली पाहिजे.

'मराठी करा' एवढें म्हटल्यानें मात्र काम भागत नाहीं. देवनागरीचे कांहीं स्वभावधर्म आहेत आणि दर्शनी भाग रचणाऱ्यास ते ठाऊक असावे लागतात. इंग्रजी अक्षराच्या मापानें बेतलेल्या ओळींत मराठी घातली कीं वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, खालचा उकार पुढच्या ओळींत घुसतो. म्हणून ओळींतील अंतर अधिक ठेवावें लागतें. इंग्रजींत चार अक्षरांत मावणारी आज्ञा मराठींत बारा अक्षरें घेते. तेव्हां कळेची रुंदी ठाम न ठेवतां शब्दाप्रमाणें वाढूं द्यावी लागते. एकेकाळीं प्रत्येक फॉन्टची सांकेतिक व्यवस्था वेगळी होती. एका यंत्रावर लिहिलेली मराठी दुसऱ्या यंत्रावर अर्थहीन चिन्हांची रास होऊन उमटे. युनिकोडनें तो गोंधळ मिटविला. जाहिरातक्षेत्रांत मुरलेले चित्रकार आणि सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं आंखलेला 'मंगल' फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर पोंचला आणि देवनागरीला संगणकावर हक्काची जागा मिळाली.

तरीहि सूक्ष्म गोष्टी उरतातच. मराठींतला देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' हे हिंदी वळणाहून निराळे आहेत. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं आणि पुन्हां २०२२ सालीं वर्णमालेविषयीं निर्णय काढून मराठी वळण निश्चित केलें. कित्येक फॉन्टांच्या पोटांत हीं दोन्ही वळणें असतात. पण पानाची भाषा मराठी आहे असें एचटीएमएलमध्यें स्पष्ट लिहिल्याखेरीज ब्राउझर मराठी वळण उचलीत नाहीं. एका लहानशा खुणेचा हा प्रश्न आहे. ती खूण घातली तर पान आपलें वाटतें. शिवाय दृष्टिहीनांसाठीं मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या यंत्रासहि कोणत्या उच्चारानें वाचावें हें समजतें. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या दोन शब्दांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढें अंतर आहे. शोधयंत्राला हा भेद कळला नाहीं तर कोणाची नोंद कोणाच्या नांवावर सांपडेल याचा नेम नाहीं.

दर्शनी रूपाची काळजी घेतली असतां काय साधतें याचें चांगलें उदाहरण सातबाऱ्याच्या उताऱ्यांत मिळतें. गांवचा तलाठी, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, 'ई-फेरफार' या आंतल्या प्रणालींत नोंद घालतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. शेतकऱ्याच्या हातीं पडतो तो तिचा अखेरचा कागद. १ मे २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीनें मिळूं लागला. ही स्वाक्षरी म्हणजे जुन्या मोर्तबाचाच नवा अवतार. २०२० सालीं या उताऱ्याचें रूप सुधारण्यांत आलें. शिरोभागीं राज्यशासनाचें आणि ई-महाभूमि प्रकल्पाचें बोधचिन्ह आलें. गांवाच्या नांवाबरोबर त्याचा सांकेतिक क्रमांक आला. खातेदाराच्या नांवालगतच त्याचा खातेक्रमांक आला. दोन खातेदारांच्या नांवांमध्यें तुटक रेषा आली. प्रलंबित फेरफाराची नोंद दिसूं लागली. वरवर पाहतां या किरकोळ गोष्टी. परंतु दोन भावांच्या नांवांमध्यें रेषा नसल्यामुळें एकाचा हिस्सा दुसऱ्याच्या ओळींत वाचला जात असेल, तर त्या एका तुटक रेषेनें वकिलाच्या दारीं जाणारे किती खेटे वांचतील याचा विचार करावा. चिन्हानें विश्वास दिला आणि रेषेनें अर्थ दिला. नाममुद्रा व मांडणी यांचें खरें सहकार्य तें हेंच.

नाममुद्रेचा विचार करतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. भारतीय स्टेट बँकेचें निळें वर्तुळ १९७१ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंतील शेखर कामत यांनीं रेखाटलें. अर्ध्या शतकाहून अधिक काळ तें टिकलें, कारण तें साधें आहे आणि सर्वत्र एकसारखें वापरलें जातें. १९४१ सालीं हैदराबाद राज्यांत स्थापन झालेली तेथली स्टेट बँक १ एप्रिल २०१७ रोजीं या बँकेंत विलीन झाली. मराठवाड्यांत तिच्या अनेक शाखा होत्या. असा संयोग होतो तेव्हां दारावरची पाटी एका दिवसांत बदलतां येते. पण आंतल्या माणसांची संवय एका दिवसांत बदलत नाहीं. दोन घरांचे नोकर एका चुलीवर आले कीं मीठ कोणत्या डब्यांत आणि हळद कोणत्या, हें प्रथम ठरवावें लागतें. आंतल्या संकेतस्थळाची नाममुद्रा म्हणजे हे डबे ठराविक जागीं ठेवण्याची शिस्त. 'जतन करा' ही कळ एका पानावर उजवीकडे हिरवी आणि दुसऱ्या पानावर डावीकडे तांबडी असली, तर शिरोभागीं कितीहि देखणें बोधचिन्ह झळकलें तरी तें घर एक झालें असें म्हणतां येत नाहीं.

नांव निवडण्यांतहि हीच दृष्टि हवी. महसूल खात्यानें आपल्या संगणकीय उपक्रमांना 'ई-चावडी', 'आपली चावडी' अशीं नांवें दिलीं. चावडी म्हणजे काय हें खेड्यांतल्या माणसास सांगावें लागत नाहीं. त्या शब्दांतच उपयोगाची अर्धी माहिती आली. आणि नांवें बदलतात, याचीहि तरतूद करून ठेवावी लागते. उस्मानाबाद जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें. जेथें प्रत्येक पानावर जिल्ह्याचें नांव स्वतंत्रपणें लिहिलेलें असेल तेथें शेंकडों पानें चाळावीं लागतील आणि तरी एखादें राहून जाईल. जेथें नांव, रंग आणि चिन्ह हीं एकाच ठिकाणीं नोंदवून बाकीच्या पानांनीं तेथून उचलावीं अशी रचना असेल, तेथें तोच फरक क्षणांत होईल. कुशल कारागीर घर बांधतांनाच पुढच्या डागडुजीची वाट ठेवतो.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. आंतलीं पानें पगारी नोकर वापरतात. त्यांना तीं वापरावींच लागतात. मग त्यांच्या रूपावर खर्च कशाला? या आक्षेपांत एक अर्धसत्य आहे. ग्राहक कंटाळला तर दुसऱ्या दुकानांत जातो. नोकराला जातां येत नाहीं. परंतु म्हणूनच त्याच्या त्रासाचा हिशेब कोणाच्या खात्यांत चढत नाहीं. दिवसाला दहा नोंदींत प्रत्येकीं दोन मिनिटें व्यर्थ गेलीं तर वीस मिनिटें झालीं. महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत आठ तासांहून अधिक, म्हणजे एक संपूर्ण दिवस. हा दिवस रुग्णाच्या, विद्यार्थ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या वांट्याचा असतो. सास्तूरच्या स्पर्श ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणीं आसपासच्या खेड्यांतून माणसें येतात. तसल्या कोणत्याहि रुग्णालयांत परिचारिकेची नजर जितका वेळ पडद्यावर अडकून राहील तितका वेळ ती खाटेवरून उठलेली असते.

उलट बाजूचा अतिरेकहि टाळला पाहिजे. आंतल्या पानाला सजवावयाचें म्हणजे वर सरकतीं चित्रें, अधिकाऱ्यांचीं छायाचित्रें आणि फुलाफुलांचीं नक्षी घालावयाची, असा एक समज आहे. खेड्यांतील मंद जोडणीवर असलें जड पान उघडेपर्यंत चहा थंड होतो. दर्शनी भागाची कला मुख्यतः वगळण्याची कला आहे. ज्या गोष्टीचें रोज काम पडतें ती प्रथम दिसावी. चूक झाली तर काय चुकलें आणि कसें सुधारावें हें साध्या मराठींत सांगावें. मध्येंच जोडणी तुटली तर लिहिलेलें जाऊं नये. अक्षर आणि पार्श्वभूमि यांच्या उजेडांत पुरेसा फरक असावा. आंतरराष्ट्रीय नियमांत सामान्य मजकुरासाठीं तो किमान साडेचारास एक असा ठरलेला आहे, आणि उन्हांत बसून फोनवर काम करणाऱ्यास त्याचें महत्त्व कोणीं समजावून सांगावें लागत नाहीं. भारत शासनानें २००९ सालीं आपल्या संकेतस्थळांसाठीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले आणि पुढें ते सुधारले. बाहेरच्या दाराला लावलेले हे नियम आंतल्या दारालाहि लावण्यास कोणाची आडकाठी नाहीं. उणीव आहे ती इच्छेची.

यासाठीं फार मोठा खर्च लागतो असेंहि नाहीं. नवें पान सर्वत्र चालू करण्यापूर्वीं तें पांच अशा माणसांच्या हातीं द्यावें, कीं ज्यांना तें रोज वापरावयाचें आहे: एक तालुक्याच्या कचेरींतील, एक शाळेंतील, एक उपकेंद्रांतील, एक अंगणवाडींतील आणि एक निवृत्तीस आलेला. त्यांना कांहीं न शिकवितां काम करूं द्यावें आणि शेजारीं गप्प बसून पाहावें. बोट कोठें थांबतें, कपाळाला आंठी कोठें पडते, वही केव्हां काढली जाते, हें टिपून घ्यावें. मोठमोठ्या अहवालांतून जें कळत नाहीं तें या एका तासांत कळतें.

संस्थेचा आपल्या माणसांविषयीं काय अभिप्राय आहे हें तिच्या घोषवाक्यावरून ठरत नाहीं. तें आंतल्या दारावरून ठरतें. ज्या कचेरींत आंतलें दार अलगद उघडतें तेथल्या माणसाचा चेहरा बाहेरच्या दारींहि प्रसन्न असतो. भिंत कितीहि जाड असो, दगडादगडांतला सांधा पक्का नसेल तर ती टिकत नाहीं, हें सास्तूरच्या मातीनें शिकविलें. संगणकाच्या जाळ्यांत माणूस आणि यंत्र यांच्यांतला तो सांधा म्हणजेच दर्शनी भाग होय. आणि तो सांधतांना चिखल वापरावा कीं चुना, हें सांधणाऱ्याच्या हातीं आहे.